आठपेक्षा जास्त की आठपर्यंत

पहिला टॉवेल ४२८ ग्रॅम भरला. दुसरा ४३१. तिसरा ४२६. चौथा टॉवेल बायर कंपनीच्या इन्स्पेक्टरने गठ्ठ्याच्या मधून स्वतःच्या हाताने ओढून काढला. वर खराब आणि आत चांगला माल कुणी ठेवत नाही हे त्यालाही माहीत होतं, पण त्याचं ते कामच होतं. चौथा ४२९ भरला.

‘मिनिमम ४४० ठरलं होतं,’ तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही.

‘हो,’ मी म्हणालो.

‘हा लॉट पास होणार नाही.’

माझ्या मागे आमचे शेठ उभे होते. इन्स्पेक्टर फॉर्म भरायला बसल्यावर ते माझ्याकडे वळले. ‘कोळेकर, संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे हे कुणामुळे झालं.’

कशामुळे, असं ते म्हणाले नाहीत. कुणामुळे, असं म्हणाले. मीही तेच शोधायला निघालो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे जे कारखाने आहेत, त्यातल्या एकात मी क्वालिटी इन्चार्ज होतो. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला. आमचं गाव सांगोल्याकडचं, घरात मेंढरं. वडलांना सही येत नव्हती. त्यामुळे कागदावर आकडे मांडून उत्तर काढणारा माणूस म्हणून मला स्वतःचं फार कौतुक होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच कौतुकातून झालं.

पुढे जाण्याआधी दोन शब्द समजून घ्यावे लागतील. पहिला सायझिंग. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ देतात. खळ म्हणजे स्टार्चची पातळ पेज. सूत त्या पेजेतून जातं, वाफेवर तापलेल्या सिलिंडरवर वाळतं आणि कडक होतं. कडक सूत मागाच्या धक्क्याने तुटत नाही. दुसरा शब्द ग्रे. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेला, अजून न धुतलेला कोरा माल. हा माल पुढे धुलाईला जातो. तिथे सगळी खळ निघून जाते आणि टॉवेल मऊ होतो. खळ गेली की तेवढं वजनही जातं.

त्या ऑर्डरचा ग्रे टॉवेल ५०० ग्रॅमचा ठेवायचा होता. कापसातला मळ आणि मेण धुताना जातं, ते साधारण २० ग्रॅम. आणि टॉवेलमध्ये दर एक टक्का खळ असेल तर तिचे पाच ग्रॅम जातात. धुतल्यावर किमान ४४० ग्रॅम राहिले पाहिजेत. मग खळ किती टक्के चालेल? हा माझ्यापुढचा प्रश्न होता. आठवी-नववीच्या बीजगणितातला प्रश्न आहे. खळीला x धरायचं आणि मांडायचं:

५०० − २० − ५x ≥ ४४०

म्हणजे ४८० − ५x ≥ ४४०. म्हणजे −५x ≥ −४०. दोन्ही बाजूंना उणे पाचने भागलं की आठ येतात.

मी हे एका इंडेंटच्या, म्हणजे मालमागणीच्या कागदाच्या पाठीमागे सोडवलं. सॅम्पलची तारीख जवळ आली होती, फोन वाजत होता. मी लिहिलं, x ≥ ८. चार्ट टाइप करून घेतला, चार्टवर आणि हिशोबाच्या कागदावर सही करून ‘लागू’ असा शिक्का मारला आणि सायझिंग खात्याच्या भिंतीवर लावायला स्वतः गेलो.

सायझिंग अंबादासमामांकडे होतं. वय छप्पन. बावीस वर्षं त्याच मशीनवर. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. खळ किती चढली हे आम्ही लॅबमध्ये नमुना धुऊन, वाळवून, पुन्हा वजन करून काढायचो. मामा चालतं सूत दोन बोटांत धरून सांगायचे आणि अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर यायचे. सगळं खातं त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचो.

मामांनी चार्ट बघितला. ‘हे चिन्ह काय साहेब?’

‘आठ किंवा जास्त. आठच्या खाली जायचं नाही.’

मामांनी चिन्हावर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘आठच्या वर, का आठपर्यंत?’

‘वर.’

‘मशीन एक-दोन खाली-वर करतं की. खाली जायचं न्हाई म्हणला तर दहावर ठेवावं लागंल.’

‘ठेवा.’

‘इतकी खळ चढवली तर धुण्यात लई उतरंल, साहेब.’

मागे दोन हेल्पर उभे होते आणि सिलिंडरची वाफ तोंडावर येत होती. मला परत जायचं होतं. मी म्हणालो, ‘मामा, हे गणित करून काढलेलं आहे. अंदाज नाही. लिहिलंय तसं करा.’

मामांनी मान हलवली आणि तसंच केलं.

एक गोष्ट माझ्या बाजूने सांगता येईल, पण तिचा उपयोग नाही. जास्त खळ म्हणजे कडक सूत. सूत कमी तुटतं, म्हणून मागावरचे कामगार खूश असतात. त्यामुळे दहा-अकरा टक्के खळ ऐकून मागखात्यात कुणी नाक मुरडलं नाही. उलट माग छान चालतायत असंच सगळे म्हणाले. ग्रे टॉवेल बरोबर ५०० भरत होता. फक्त त्यात सूत कमी आणि खळ जास्त होती. लॉट धुऊन तराजूवर येईपर्यंत ते कुणाला दिसणार नव्हतं.

आता त्या दिवशी परत येतो.

मी सायझिंगचं रजिस्टर मागवलं. प्रत्येक बीमपुढे खळीचा आकडा लिहिलेला असतो. बीम म्हणजे ज्यावर ताणा गुंडाळतात ते मोठं रीळ. १०. १०.५. ११. १०.५. बघता बघता मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. वजन कुठे गेलं ते सापडलं होतं आणि ते माझ्या खात्यात नव्हतं.

तरी मी माझा चार्ट तपासला. आठ घालून बघितले. पाच आठे चाळीस, ४८० वजा ४०, उत्तर ४४०. बरोबर बसलं. म्हणजे माझा आकडा बरोबर, चूक मशीनवर. एवढं तपासून मी थांबलो.

मामांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ खुर्चीत, मी बाजूला उभा.

‘अकरापर्यंत खळ कशी गेली?’ शेठनी विचारलं.

‘साहेबांनीच सांगितलं, आठच्या वर ठेवा म्हणून. खाली जाऊ नये म्हणून दहावर ठेवलं.’

शेठनी माझ्याकडे बघितलं.

मी मामांना ‘ठेवा’ म्हणालो होतो, ते मला आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं. मी म्हणालो, ‘चार्टमध्ये आठ लिहिलंय. आठ म्हणजे आठच्या आसपास. बावीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाला अकरा म्हणजे किती हे कळायला पाहिजे.’

यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खोटा नव्हता. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत राहिलो.

‘तुम्हाला काही बोलायचंय का?’ शेठनी त्यांना विचारलं.

‘न्हाई,’ मामा म्हणाले. ‘साहेब म्हणतायत ते ऐकलं की मी.’

बायरला उत्तर पाठवायचं होतं. त्यात कारण आणि उपाय असे दोन रकाने असतात. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ऑपरेटर एरर. उपायाच्या रकान्यात लिहिलं की ऑपरेटरला बदललं आहे. लिहिलं म्हणजे तसं करणं आलं. मामांना मेमो दिला आणि पॅकिंगला पाठवलं. शेठ म्हणाले, मेमो खात्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवा, बाकीचे जागे होतील. मेमो मीच लिहिलेला होता, इंग्रजीत. तो मी सायझिंगच्या मशीनपुढे उभा राहून वाचला आणि मराठीत समजावून सांगितला. खळीवर नियंत्रण ठेवता आलं नाही, म्हणून ताकीद. बारा-पंधरा माणसं ऐकत होती. मामांनी त्यावर तेलुगूत सही केली, पेन टोपण लावून मला परत दिलं आणि मशीनच्या कोपऱ्यातला स्वतःचा डबा उचलून पॅकिंगच्या शेडकडे चालत गेले.

त्यांच्या जागी जो आला त्याला मी तोंडी सांगितलं, आठवर ठेव, इकडे-तिकडे नको. भिंतीवरचा चार्ट काढून टाकला. पुढचा लॉट ४४१, ४४३ असा भरला. मामांचीच चूक होती हे जणू सिद्धच झालं. शेठनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.

तीन महिने गेले. पॉलिटेक्निकमधून दोन ट्रेनी मुली आमच्याकडे आल्या. एक सानिया, दुसरी पल्लवी. शेठ म्हणाले, ‘यांना जरा प्रॅक्टिकल शिकवा. नुसतं पुस्तकातलं नको.’ मला शिकवायची हौस. मी ठरवलं, खरी केस द्यायची. जुन्या फाइलमधून त्या चार्टच्या हिशोबाचा कागद काढला, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, दोघींना दिल्या आणि बोर्डावर सोडवायला लागलो. पाचशे वजा वीस वजा पाच x. मोठं किंवा बरोबर चारशे चाळीस. खाली येत येत शेवटी उत्तर लिहिलं, x ≥ ८.

‘सर,’ सानिया म्हणाली, ‘चिन्ह उलटणार ना?’

‘कुठे?’

‘उणे पाचने भागलंय. उणे संख्येने भागलं की असमानतेचं चिन्ह फिरतं.’

मी बोर्डाकडे बघितलं. तिला वाटलं मला पटलेलं नाही, म्हणून ती आणखी सोपं करून सांगायला लागली. ‘एक नंबर घालून बघू या, सर. समजा खळ दिलीच नाही. x शून्य. मग वजन ४८० राहतं. ते ४४० पेक्षा जास्त आहे, म्हणजे शून्य चालतं. पण आपलं उत्तर म्हणतंय आठच्या वरचेच चालतात. मग दहा घालू. ४८० वजा ५०, ४३०. ते तर चालत नाही. म्हणजे आठ किंवा कमी पाहिजे.’

वाचकांपैकी ज्यांचं शाळेतलं गणित मागे पडलं असेल त्यांच्यासाठी हे पुन्हा सांगतो. तीन हे पाचपेक्षा लहान. पण उणे तीन हे उणे पाचपेक्षा मोठे. सोलापूरच्या माणसाला उणे तापमानाशी काही घेणं-देणं नसतं, पण उणे पाचला उणे तीनपेक्षा थंडी जास्त असते एवढं आपल्याला टीव्हीवरून ठाऊक असतं. उणे लागलं की लहान-मोठ्याचा क्रम उलटा होतो. म्हणून असमानतेच्या दोन्ही बाजूंना उणे संख्येने गुणलं किंवा भागलं, की चिन्हही उलटवावं लागतं. समीकरणात ही भानगड नसते. बरोबरचं चिन्ह कसंही फिरवलं तरी बरोबरच. मी वर्षानुवर्षं समीकरणंच सोडवत आलो होतो. हा नियम मला येत नव्हता असं नाही. परीक्षेत मी तो दहा वेळा लिहिला असेल.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी डस्टर उचललं आणि म्हणालो, ‘बरोबर. बघत होतो कोण पकडतंय.’

पल्लवी हसली. सानिया हसली नाही. ती हातातल्या झेरॉक्सकडे बघत होती. त्या कागदावर तेच उत्तर माझ्या अक्षरात होतं. खाली माझी सही होती, आणि सहीशेजारी ‘लागू’ असा शिक्का.

‘सर, हा चार्ट किती दिवस लागू होता?’ तिने विचारलं.

‘बघून सांगतो,’ मी म्हणालो, आणि दोघींकडून झेरॉक्स परत घेतल्या.

केबिनमध्ये येऊन दार लावलं. वेगवेगळे आकडे घालून बघितले. सात, नऊ, दहा, अकरा. आठ सोडून दुसरा कुठलाही आकडा घातला असता तर त्याच दिवशी चूक दिसली असती. मी फक्त आठच घातला होता. आठ तर दोन्हीकडून बरोबर. आठ किंवा जास्त म्हणा, नाहीतर आठपर्यंत म्हणा, आठ दोन्हीत बसतो. आणि मामांनी विचारलेला प्रश्न नेमका तेवढाच होता. बावीस वर्षं खळीत हात घालून जे त्यांना कळलं होतं, ते त्यांनी मला चार शब्दांत विचारलं होतं.

मी लगेच उठून शेठकडे गेलो असतो तर ही आठवण निदान निम्मी बरी झाली असती. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. अकरा दिवस गेलो नाही. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं. निघालं नाही तर मी काढायचो. पॅकिंगच्या शेडमधून जायचा रस्ता टाळायला लागलो. एकदा जावंच लागलं. मामा टॉवेलच्या घड्या घालत होते. घडी घालताना टॉवेल हातात क्षणभर तोलायचे आणि मग ठेवायचे. मला बघून म्हणाले, ‘नमस्कार साहेब.’ मी मान हलवून पुढे गेलो. तिथलं माझं काम मी विसरलो होतो.

या अकरा दिवसांत सानियाने मला एकदाही काही विचारलं नाही. समोर आली की ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायची आणि मला वाटायचं आता विचारेल.

बाराव्या दिवशी हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसमधून माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. मामांचा राजीनामा. कारण, वैयक्तिक. त्यावर शेवटच्या खात्याच्या इन्चार्जबरोबर माझीही सही लागणार होती, कारण मेमो माझा होता. महिनाअखेर ते मोकळे होणार होते.

सही करून टाकली असती तर प्रकरण संपलं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं. हा विचार मी केला, नुसता मनात येऊन गेला असं नाही. पेन हातात घेऊन तारखेपर्यंत लिहिलं होतं. मग फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि शेठकडे गेलो.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मी कागदावर मांडूनही दाखवलं. ते हुशार आहेत, एका नजरेत कळलं त्यांना.

‘म्हणजे चिन्ह चुकलं,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘आकडा बरोबर होता.’

‘हो. आणि मामांनी मला आधी विचारलं होतं. दहावर ठेवू का, हेही विचारलं होतं. मी ठेवा म्हणालो. तुमच्यासमोर ते मी बोललो नाही.’

शेठनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, ‘कोळेकर, बायरला आपण लिहून दिलंय. ऑपरेटर एरर. त्यांनी क्लोज केलंय. आता आपण सांगायचं की क्वालिटीचा चार्टच चुकीचा होता? ते सगळे चार्ट मागतील.’

‘पण मामा चाललेत.’

‘त्यांना परत सायझिंगला घ्या. शांतपणे. कशाला कुणाला काय सांगायचं.’

मला तेव्हा बरं वाटलं, हेही कबूल करतो. शांतपणे हा शब्द माझ्याही सोयीचा होता.

दुपारच्या सुट्टीत मी पॅकिंगला गेलो. मामा गठ्ठ्यांच्या आडोशाला डबा खात बसले होते. मी शेजारच्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं. चार्ट चुकीचा होता. आठपर्यंत पाहिजे होतं, मी आठच्या वर लिहिलं. तुमची चूक नव्हती. शेठनी सांगितलंय, परत सायझिंगला या.

मामांनी तोंडातला घास संपवला. पाणी प्यायले.

‘मला ठाऊक होतं की साहेब,’ ते म्हणाले. ‘नवीन पोरगं आठवर चालवतंय आणि वजन भरतंय, तवाच कळलं. तुमाला कदी कळलं?’

मला अकरा दिवस म्हणता येईना. ‘थोडे दिवस झाले,’ मी म्हणालो.

‘मग बोलला न्हाई.’

‘नाही.’

मामा डबा पुसत होते. ‘मी घरी काय सांगितलं न्हाई. पण आमच्या गल्लीत चार माणसं हितलीच हायत. घरी कळलंच. बायको म्हणली, इतकी वर्षं करून आता हात कसा चुकला. मी म्हणलं, वय झालं.’ डबा बाजूला ठेवून म्हणाले, ‘मला खातं परत नको साहेब. तुमी मेमो सगळ्यांसमोर वाचला. हे पण सगळ्यांसमोर सांगा. आणि एक कागद द्या. दुसऱ्या कारखान्यात विचारतात, का सोडलं म्हणून.’

‘शेठ म्हणतायत शांतपणे—’

‘शेठनी न्हाई वाचला मेमो,’ मामा म्हणाले. ‘तुमी वाचला.’

त्यानंतर मी शेठची परवानगी विचारली नाही. विचारली असती तर मिळाली नसती, आणि मिळाली नाही म्हणून मी थांबलो असतो. स्वतःला मी एव्हाना तेवढं ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट बदलताना मी सायझिंगच्या मशीनपुढे उभा राहिलो. मामांना पॅकिंगमधून बोलावून आणलं होतं. सायझिंगची माणसं होती, मागखात्यातलीही पाच-सहा होती, सानिया आणि पल्लवी दाराशी होत्या. मी सांगितलं. बोर्ड नव्हता, म्हणून बोटांवर सांगितलं. खळ वाढली की वजन उतरतं, तेव्हा खळीला वरची हद्द पाहिजे होती, मी खालची हद्द लिहिली. मेमो चुकीचा आहे, मी तो मागे घेतो. अंबादासमामांनी मला आधीच विचारलं होतं.

दोन मिनिटांचं बोलणं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागखात्यातला एक कामगार बोलला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

‘मामानं इचारलं होतं म्हणता?’

‘हो.’

‘मग तुमी काय म्हणला?’

‘लिहिलंय तसं करा म्हणालो.’

‘आनि केबिनमदी शेठनी इचारलं तवा?’

सगळे थांबले होते. मामाच म्हणाले, ‘चला, मशीन थंड पडतंय,’ आणि माणसं हलली.

मामांना कागद दिला. शेठनी लेटरहेड वापरू दिलं नाही, म्हणून कोऱ्या कागदावर मराठीत लिहून दिला. चूक माझी होती आणि हे माझ्या माहितीप्रमाणे सोलापुरातले सर्वांत चांगले सायझिंग करणारे आहेत, असं लिहिलं. खाली सही आणि हुद्दा. मामांनी तो सावकाश वाचला. ‘सर्वांत चांगले हे काडा,’ म्हणाले. ‘बाकीचं ठेवा.’ मी दुसरा कागद घेऊन पुन्हा लिहिला. महिनाअखेर ते गेले. राजीनाम्यावर मी सही केली. पुढच्या महिन्यात त्याच एमआयडीसीत, दोन रस्ते सोडून, एका कारखान्याने त्यांना सायझिंगवर घेतलं. तिथे त्यांच्या हाताखाली तीन माणसं आहेत असं कळलं.

शेठ माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतं बोलले, मग पूर्वीसारखे झाले. मला शिक्षा अशी काही झाली नाही. पगारवाढ वेळेवर मिळाली. बायरला पाठवलेलं उत्तर बदलावं म्हणून मी दोनदा मेल लिहिला. दोन्ही वेळा शेठ म्हणाले, बघू. तिसऱ्यांदा मी लिहिला नाही. त्या फाइलमध्ये आजही ऑपरेटर एररच असणार.

त्यानंतरच्या आठ वर्षांत मी जे चार्ट लावले, त्यात एकही चिन्ह वापरलं नाही. ‘आठपेक्षा जास्त नको’ असं अक्षरांत लिहायचो. सही करण्याआधी हद्दीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन आकडे घालून बघायचो. हद्दीवरचा आकडा तपासून काही कळत नाही, हे मला चांगलं माहीत झालं होतं. बेरीज चुकली तर आकडा विचित्र दिसतो आणि कुणीतरी हटकतं. चिन्ह चुकलं तर आकडा जागच्या जागी शहाण्यासारखा बसलेला असतो.

मी रिटायर झालो तेव्हा माझी खुर्ची सानियाला मिळाली. चार्ज देताना मी तिला फायली समजावून सांगत होतो. सायझिंगची फाइल आली तेव्हा ती म्हणाली, ‘ही मला माहीत आहे, सर,’ आणि पुढची उघडली.